कानशीकडून गेजकडे

डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्याचे मूळ शोधत गेल्यास ते सरकत्या पट्ट्यापाशी नव्हे, तर गेजपाशी, म्हणजे सुट्या भागाचे माप ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे पडताळणाऱ्या साध्या उपकरणापाशी सापडते. सुरुवातीच्या मोटारी कारागीर एकेक करून बांधत आणि एका गाडीचा दट्ट्या दुसऱ्या गाडीच्या सिलिंडरात बसेलच याची शाश्वती नसल्याने फिटरला भाग कानशीने घासून जुळवून घ्यावे लागत. गेजचे एक टोक छिद्रात सहज शिरले पाहिजे आणि किंचित जाड असलेले दुसरे टोक अडलेच पाहिजे, या कसोटीने ती घासाघीस अनावश्यक ठरवली. 1908 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले आणि त्यांतून पुन्हा जोडलेल्या तिन्ही गाड्या 500 मैल धावल्या.

हे साधले होते म्हणूनच 1913 मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात काम कामगारापर्यंत चालत आले. ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा मॅग्नेटो पूर्वी एकच कामगार सुमारे 20 मिनिटांत जोडत असे. तेच काम 29 जणांत वाटल्यावर 13 मिनिटे 10 सेकंदांवर आले आणि पुढे जुळणीची पातळी आठ इंच उंच केल्याने, म्हणजे कामगाराची कंबर वाकायची थांबल्याने, 7 मिनिटांत होऊ लागले. त्याच त्या हालचालीला कंटाळून माणसे मात्र इतकी सोडून जात की 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर देणे फोर्डला भाग पडले.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये जुळणी सुरू केली, तरी भाग परदेशातून येत. पट्टा इथे होता, अचूकता तिकडची होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियरनेही कुर्ल्यात आयात भागांच्या जुळणीनेच आरंभ केला, परंतु 1953 च्या जकात आयोगाने देशात भाग घडवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना दार बंद केल्यावर फियाट 1100 चे भाग टप्प्याटप्प्याने इथे बनू लागले. याच फियाटचे पुढचे रूप असलेल्या पद्मिनी मोटारीची आठवण सगळ्यांनाच आहे; ती ज्यांच्या बळावर बनली त्या टूलरूमची, म्हणजे साचे व गेज घडवणाऱ्या विभागाची, नोंद मात्र कोणी ठेवत नाही, ही खंत आहे. 1990 च्या दशकात प्रीमियरच्या डोंबिवलीजवळच्या त्याच कारखान्यात प्यूजो 309 बनली आणि काही वर्षांतच थांबली.