टाकाऊतून टिकाऊ : एक घरगुती ताळेबंद

गेल्या वर्षी माझ्या तिसरीतील कन्येला शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणण्यास सांगितले. बँकेतून घरी परतताना मी आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे पाकीट, रंगीत कागद, चमकी आणि कृत्रिम फुले विकत घेतली. रात्री अकरापर्यंत बसून मी एकटीनेच एक सुबक घर उभे केले. कन्या केव्हाच झोपी गेली होती. खर्च झाला दोनशे दहा रुपये. त्यात टाकाऊ वस्तू एकही नव्हती आणि आठवड्याभरात ते घर केराच्या टोपलीत गेल्याने टिकाऊ असेही काही उरले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “जुनं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडीसाठी नवं लुगडं फाडलेलं मी तरी पाहिलं नाही.”

दिवसभर इतरांचे जमाखर्च तपासणाऱ्या मला हा शेरा मनोमन पटला. त्या दिवसापासून आमच्या घरी तीन नियम झाले : खळीव्यतिरिक्त काहीही विकत आणायचे नाही, हात मुलांचेच लागले पाहिजेत आणि तयार झालेली वस्तू वापरात आली पाहिजे. या नियमांत बसणारे काही उपक्रम वाचकांसमोर ठेवत आहे.

घरचा कागद

वापरलेल्या वह्यांच्या पानांचे बारीक तुकडे करून ते रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी मोठ्यांनी ते मिक्सरमधून काढून द्यावेत. हा लगदा पसरट भांड्यातील पाण्यात कालवून, खिडकीच्या जुन्या जाळीच्या चौकोनी तुकड्यावर अलगद उचलावा, जुन्या टॉवेलने दाबून पाणी टिपावे आणि सावलीत वाळू द्यावा. कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे होय. पाण्यात हे तंतू सुटे होतात आणि वाळताना पुन्हा एकमेकांना धरतात. मात्र प्रत्येक फेरीत ते आखूड होत जातात. त्यामुळे एकच कागद अनंत काळ नवा करता येत नाही. हे मुलांना आवर्जून सांगावे, म्हणजे पाठकोरे पान फेकण्यापूर्वी ती विचार करतील.

आपल्या व्यवसायातील एक माहितीही मुलांना आवडते. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनतो. मळक्या, फाटक्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परतल्यावर यंत्राने त्यांचे बारीक तुकडे केले जातात आणि ते दाबून त्यांच्या विटा बनवल्या जातात.

काड्यापेटीतील भूमिती

श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीचे अभियंते. 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात त्यांनी 1978 साली नोकरीतून रजा घेऊन काम केले. तेथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या तयार केल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचे कार्य अनेक वर्षे केले. 2018 साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

हा प्रयोग आपणही करावा. गुल खरवडून काढलेल्या तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. त्यात एक तिरपी काडी घातली की तोही स्थिर होतो. मग रेल्वेचा पूल दिसताच मुले त्यातील त्रिकोण मोजू लागतात.

डब्याचा गल्ला

पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मोठ्यांनी फट पाडून द्यावी; पत्र्याची धार घासून बोथट करावी. वरून मुलांनी जुन्या दिनदर्शिकेतील चित्रे चिकटवावीत. गल्ला भरला की ती रक्कम मुलाच्या बचत खात्यात त्याच्याच हस्ते भरावी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतः खाते चालवता येते.

दोन खबरदाऱ्या

घरातील रद्दी मुलांच्या हाती देताना जुनी खातेपत्रके, कोरे धनादेश व खाते क्रमांक असलेली पत्रे आधी वेगळी काढावीत. आमच्या घरी एकदा शाळेला निघालेल्या कागदी होडीच्या शिडावर माझा संपूर्ण खाते क्रमांक झळकत होता! असे कागद बारीक फाडून लगद्यासाठी वापरावेत. गुप्तताही राहते आणि कागदही मिळतो. दुसरे म्हणजे, सजावटीचा थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे प्रकल्पासाठी त्यांचा शोध घेऊ नये.

शिल्लक

चंदीगडमध्ये नेकचंद या सरकारी रस्ते निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांच्या तुकड्यांतून उभारलेले रॉक गार्डन 1976 साली जनतेसाठी खुले झाले. आपल्या घरी तेवढे घडणार नाही आणि घडण्याची गरजही नाही.

आमच्या कन्येचा पहिला कागद करडा, जाडाभरडा आणि एका कोपऱ्यात फाटका निघाला. बदलीमुळे आम्ही नाशिकहून भोपाळला आल्यापासून तिच्या जिवलग मैत्रिणीची भेट नव्हती. त्या कागदावर तिने तिला पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले आणि तेही घरी केलेल्या कागदावर. खर्च झाला तो केवळ टपालाचा. जमेची बाजू कशी मांडावी, हे मात्र माझ्या वाणिज्य शाखेच्या अभ्यासात कोठे शिकवलेले नव्हते.