मे महिन्यातली छत्रपती संभाजीनगरची हवा आणि बॉल पायथनची पेटी

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. त्याला साधारण ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत ७० पर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असू शकते. ही हवा नुसती ३० अंशांपर्यंत थंड केली, तरी आकडा २५ च्या आसपासच पोचतो. अशा हवेत कात सलग निघत नाही. तुकडे पडतात, शेपटीच्या टोकाला कडी राहते, डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच चिकटून राहतो. तो नखाने काढायला जाऊ नका, डोळा जाऊ शकतो.

(आधी कायद्याचं. धामण, नाग, भारतीय अजगर यांपैकी काहीही घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन सायटिसच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.)

आता मुख्य गोंधळ. 'पेटीत ६० टक्के आहे' या वाक्याला तापमानाशिवाय अर्थच नाही. पेटीची थंड बाजू २६ अंशांवर आणि तिथे ६० टक्के असेल, तर तेवढीच वाफ असलेली हवा ३२ अंशांच्या गरम बाजूला ४३ टक्के दाखवते. पाणी तेवढंच, फक्त गरम हवेत जास्त वाफ मावते. म्हणून सेन्सर दोन लावा, दोन्ही बाजूंना, सापाच्या उंचीवर. जाळीच्या झाकणाला टांगलेला सेन्सर झाकणाजवळची हवा मोजतो, सापाजवळची नाही. आणि फवाऱ्याच्या वाटेत तर अजिबात नको. ओला झाला की बराच वेळ ९९ दाखवत बसतो आणि पेटी मात्र सुकत जाते.

डीएचटी ११ ऐवजी डीएचटी २२ घ्या, किमतीतला फरक वसूल होतो. तपासायला मीठ पुरे: बाटलीच्या झाकणात मीठ, वर थोडं पाणी, ओल्या वाळूइतकंच. ते आणि सेन्सर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, मीठ सेन्सरला लागू न देता. साधारण २५ अंशांना ७५ टक्के यायला हवेत. ७० आले तर ५ टक्क्यांची दुरुस्ती कोडमध्ये टाका.

ईएसपी ३२ वर रिले लावून फॉगर चालवणार असाल तर एकच सीमा ठेवू नका, रिले टकटक करत राहील. ५२ च्या खाली चालू, ६२ च्या वर बंद. इथे एक खरा धोका आहे. सेन्सरची वायर सैल झाली की लायब्ररी 'नॅन' परत देते आणि नॅनशी केलेली '६२ पेक्षा जास्त' ही तुलना कायम खोटी ठरते. म्हणजे फॉगर चालू असताना वायर निसटली, तर तो बंदच होणार नाही. तुम्ही ऑफिसात, पेटीत धुकं. सतत ओल राहिली तर पोटाखालचे खवले कुजतात, श्वसनमार्गाला संसर्ग होतो. साप तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो. म्हणून वाचन नॅन आलं की फॉगर बंद, आणि काहीही झालं तरी सलग ५ मिनिटांवर नाही, हे दोन नियम सगळ्यात वर लिहा.

खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत फॉगर लागतच नाही. जाळीचं झाकण तीन चतुर्थांश झाका, तळाला जाड कोकोपीटचा थर द्या आणि त्याच्या कोपऱ्यात पाणी ओता, वरचा थर कोरडा राहील असं. ओलसर मॉस भरलेला एक लपायचा डबा ठेवा, साप गरजेप्रमाणे आत-बाहेर करतो. वीज गेली तरी हे चालू राहतं. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर आकडा आपोआप वर जातो, पण संध्याकाळी कूलर बंद केल्यावर पुन्हा बघा.

फॉगर लावलाच तर त्यात आरओचं पाणी घाला. बोअरच्या जड पाण्याची पांढरी भुकटी सगळीकडे बसते, सापाच्या फुप्फुसातही जाते.

जुलैत उलटं. तुमचं कोड ओल वाढवू शकतं, कमी करू शकत नाही. तेव्हा फॉगरचा प्लग काढून ठेवा आणि झाकण मोकळं करा.