फुलांचे वाफे, अंगणातील

फुलांचे वाफे, अंगणातील : घरापुढील मोकळ्या जागेत फुलझाडे लावण्यासाठी आखलेले आणि भोवती वीट, दगड, फरशी किंवा ठेंगणी झाडे यांची कड घालून वेगळे केलेले जमिनीचे तुकडे. एकाच जातीच्या फुलांनी दाट भरलेल्या अशा वाफ्यास ताटवा म्हणतात. बागकामाच्या पुस्तकांत कड ही बहुधा शोभेची बाब म्हणून वर्णिलेली असते. तथापि मराठवाड्यासारख्या काळ्या जमिनीच्या व बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात ती प्रथम पाणी अडविण्याचे साधन असते; शोभा त्यानंतर येते. प्रस्तुत नोंदीत बीड जिल्ह्यातील चौसाळा व त्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून अशा वाफ्यांच्या बांधणीचे विवरण केले आहे.

चौसाळा हे बीड तालुक्यातील गाव बीडच्या दक्षिणेस, धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशात वसले आहे. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सु. ६५० ते ७०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. उंचवट्यावर ती उथळ व मुरमाड, तर सखल भागात खोल व काळी आढळते. एकाच गावात दोन घरांची अंगणे या बाबतीत भिन्न असू शकतात, म्हणून वाफा आखण्यापूर्वी हातभर खड्डा खणून जमीन पाहणे इष्ट असते.

इतिहास : घराच्या दर्शनी अंगणात फुलांचे वाफे करण्याची रीत या भागात फार जुनी नाही. माळवदाच्या घरांपुढील अंगण हे वाळवणासाठी, बैलगाडीसाठी व जनावरांसाठी लागे. फुलझाडे परसात, आडाच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढत. पुढील अंगणात वा घराच्या चौकात असे ते तुळशीवृंदावन. चारी बाजूंनी बांधून काढलेली थोडी माती आणि तिला रोज नेमाने घातलेले तांब्याभर पाणी, अशी त्याची घडण पाहता वृंदावन हाच या प्रदेशातील कड असलेला सर्वांत परिचित वाफा होय.

मोठ्या बागांची परंपरा मात्र मराठवाड्यात होती. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा या सतराव्या शतकातील वास्तूभोवती चारबाग पद्धतीचे उद्यान आहे. बीडजवळील निजामशाहीच्या काळातील खजाना विहिरीतून भूमिगत मार्गाने शेतमळ्यांना पाणी पोहोचविलेले होते. मोगल उद्यानांत फरसबंद वाटा उंच व वाफे त्यांच्यापेक्षा खोल ठेवीत. पाटाचे पाणी सोडले की ते वाफ्यात भरून राही आणि बहरलेली फुले वाटेवरून चालणाऱ्याच्या पायांच्या पातळीला येत. आग्र्याच्या किल्ल्यातील अंगुरी बागेत दगडी कडांनी पाडलेल्या भौमितिक वाफ्यांचा उत्तम नमुना पाहावयास मिळतो.

ब्रिटिश अमदानीत छावण्यांतील बंगल्यांबरोबर दुसरी पद्धत आली. इंग्लंडमधील जमीन थंड व ओली असल्याने पाण्याचा निचरा व्हावा व माती लवकर तापावी म्हणून तेथे वाफा उंच करतात. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो यांच्यासारख्यांनी भारतातील बागकामावर ग्रंथ लिहून येथील हवामानाचा विचार केला. तरीही सरकारी कचेऱ्या, विश्रामगृहे व शाळा यांच्यापुढे उंच वाफ्याचा व तिरप्या विटांच्या कडेचा साचाच रूढ झाला आणि पुढे घरोघर त्याचे अनुकरण झाले. चुना व गेरू यांनी आळीपाळीने रंगविलेली ही करवती कड महाराष्ट्रात कोठेही ओळखू येते. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) लातूर व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत वसविलेल्या नव्या गावांत घरांना स्वतंत्र भूखंड मिळाल्याने दाट वस्तीत राहिलेल्या अनेक कुटुंबांना घरापुढे मोकळी जागा लाभली.

चौसाळ्यासारख्या गावात यांपैकी कोणतीही एक पद्धत वर्षभर पुरी पडत नाही. उन्हाळ्यात उंच वाफ्यातील पाणी कडेच्या फटींतून निसटते व माती चोहोबाजूंनी वाळते. सप्टेंबरच्या जोरदार पावसात खोल वाफ्यात पाणी साचून शेवंतीची मुळे कुजतात. म्हणून वाफ्याची माती अंगणाच्या पातळीलाच ठेवून भोवतीची कड ८ ते १० सेंमी. उंच घ्यावी व उताराच्या बाजूस तिच्यात एका विटेएवढी मोरी ठेवावी, हा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. पावसाळ्यात मोरी उघडी ठेवतात. पाऊस सरल्यावर ती चिखलाच्या गोळ्याने बुजवितात.

जागा व आखणी : वाफा घराच्या जोत्याला चिकटून करण्याची हौस सर्वत्र आढळते, परंतु काळ्या जमिनीत ती महागात पडते. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजे विपुल असतात. ती पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात अशा जमिनीला पडणाऱ्या भेगांत हात सहज जातो. जोत्यालगतची माती एका बाजूने रोज भिजत राहिली आणि घराखालची कोरडी राहिली, तर पाया असमान उचलला जाऊन भिंतींना तडे जातात. मातीच्या भिंतींना ओल चढते ती वेगळीच. यास्तव जोते व वाफा यांत निदान एक मीटर अंतर सोडावे, त्या पट्ट्यात मुरूम ठोकून बसवावा व त्याचा उतार घरापासून बाहेर ठेवावा.

दोन्ही बाजूंनी हात पोहोचावा म्हणून वाफ्याची रुंदी १ ते १·२ मी. ठेवतात, कुंपणालगतच्या वाफ्यास ६० ते ७५ सेंमी. पुरते. काटकोन साधण्यासाठी गवंडी दोरीवर एका बाजूस तीन व दुसरीस चार हात मोजतात आणि कर्ण पाच हात येईपर्यंत खुंटी सरकवितात. गोल वाफा खुंटीला बांधलेल्या दोरीने आखतात. चांदणीच्या वा पानाच्या आकाराचे वाफे कागदावर सुरेख दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या अरुंद टोकांत माती लवकर वाळते व रोपे खुरटतात.

कड : कडेसाठी सु. १५ सेंमी. खोल व तेवढाच रुंद चर खणून त्यात मुरूम पाणी शिंपडून चोपतात. हा थर टाळल्यास विटा पहिल्याच उन्हाळ्यात बाहेर कलतात, याचे कारण वर सांगितलेले मातीचे आक्रसणे होय. त्यानंतर थोडी वाळू पसरून विटा एकतृतीयांश ते निम्म्या गाडून बसवितात. काळ्या जमिनीत सांधे सिमेंटने भरण्यापेक्षा ते सुटे ठेवणे बरे. सिमेंटची अखंड कड जमिनीच्या हालचालीने ठिकठिकाणी तडकते. सुटी वीट हलली तर ती पुन्हा बसविता येते. सुट्या सांध्यांतून पाणी झिरपू नये म्हणून आतील बाजूस काळ्या मातीचाच लेप देतात. येथे तिचा फुगण्याचा गुण उपकारक ठरतो.

करवती कडेत वीट ४५ अंशांत तिरपी रोवतात. ती आकर्षक दिसते, पण तिचे वर आलेले कोपरे लवकर फुटतात आणि दात्यांमधून पाणी अडत नाही. पाणी धरण्याच्या दृष्टीने उभी सरळ बसविलेली वीट किंवा आडव्या धारेवर रोवलेली शहाबादी फरशी श्रेष्ठ होय. शेतातून वेचलेले काळे दगड फुकट मिळतात व टिकतात. त्यांच्यामधील पोकळ्या मातीने बुजवाव्या लागतात, एवढेच. लाकडी फळ्यांची कड वाळवीमुळे येथे निरुपयोगी ठरते. सडासंमार्जन होणाऱ्या अंगणात कडेचा आणखी एक उपयोग आहे. रोजचा खराटा कोठे थांबवावा हे ती दाखविते. कड नसलेल्या वाफ्याची सुपीक माती वर्षभरात केराबरोबर उकिरड्यावर जाते.

माती व पाणी : वाफा ३० ते ४५ सेंमी. खोल खणून ऊन देतात. भारी काळ्या मातीत साधारण तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा जाड वाळू व तितकेच कुजलेले शेणखत मिसळतात. मुरमाड जागी याउलट तलावाचा गाळ किंवा पोयटा घालतात. या भागातील जमिनीत चुनखडीचे प्रमाण बरेच असल्याने गुलाब व मोगरा यांना लोह कमी पडून कोवळी पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखताचा भरपूर वापर हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

३ मी. लांब व १ मी. रुंद वाफ्यावर २ सेंमी. उंचीचे पाणी द्यावयाचे तर ६० लिटर, म्हणजे चार-पाच घागरी लागतात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या किंवा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्याचे पाहिलेल्या प्रदेशात हा आकडा लहान नाही. फुलांसाठी पिण्याचे पाणी खर्चू नये. धान्य-भाजी धुतलेले व अंघोळीचे कमी साबणाचे पाणी चालते. कपडे धुतलेले पाणी मात्र टाळावे, कारण त्यातील सोडियममुळे चिकण माती चोपण होऊन निचरा खुंटतो. मातीवर पाचोळा वा भुशाचा तीन-चार बोटे जाड थर दिल्यास बाष्पीभवन बरेच कमी होते.

झाडे : दसरा-दिवाळीच्या फुलांसाठी झेंडूची (लॅ. टॅजेटिस इरेक्टा) रोपे जुलैमध्ये ३० ते ४० सेंमी. अंतरावर लावतात, हे झाड मूळचे मेक्सिकोचे. मादागास्करमधून आलेली सदाफुली (लॅ. कॅथरँथस रोझियस) कमी पाण्यावर बाराही महिने फुलते. निशिगंधाचे कंद उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत लावतात. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब रात्र लागते. दारावरील दिवा रात्रभर जळत असल्यास त्याच्या उजेडातील झाडे उशिरा फुलतात किंवा फुलतच नाहीत, आणि दोष मात्र खताला दिला जातो. अबोली व कोरांटी या भागास मानवतात. कण्हेर दुष्काळात तग धरते व शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत. ती सर्वांगी विषारी असल्याने लहान मुलांच्या वावरापासून दूर, कुंपणालगत लावावी. विटेऐवजी जिवंत कड हवी असल्यास चिनी गुलाब (पोर्टुलाका) उन्हाळ्यात उपयोगी पडतो. मेंदी छाटून ठेंगणी ठेवता येते, पण तिची मुळे वाफ्यातील पाणी ओढतात.

टंचाईच्या वर्षी फेब्रुवारीनंतर वर्षायू झाडे उपटून त्यांचाच थर मातीवर पसरतात व मोगरा, जास्वंद यांसारखी बहुवर्षायू झाडे तेवढी जगवितात. त्यांच्या बुंध्याशी बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात दोन-तीन दिवसांनी पाणी भरतात. कलत्या विटा काढून कड पुन्हा दोरीत बसविण्याचे व चुना देण्याचे काम मृगापूर्वी, जमीन पूर्ण वाळलेली असताना करतात. ओल्या काळ्या मातीत बसविलेली कड पुढच्या उन्हाळ्यात सैल पडते.