नांव तेंच, क्रमांक निराळा

हल्लीं पुष्कळ घरांत दोन-तीन संगणक असतात, आणि छायाचित्रें, पत्रें, हिशेब असा घरचा संग्रह त्यांपैकीं एकावरच ठेवण्याची पद्धत पडत चालली आहे. बाकीच्या संगणकांवरून तो संग्रह आपल्याच यंत्रांतील एखाद्या फोल्डरासारखा उघडतां येतो. यालाच ‘माउंट करणें’ म्हणतात. सोय मोठी आहे. परंतु कधीं कधीं कागद दिसतो, वाचतां येतो, आणि त्यांतील एक अक्षर बदलूं गेलें कीं ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर येतें. असें कां होतें व अशा वेळीं काय करावें, तें आज सांगावयाचें आहे.

आमच्याच घरचा प्रसंग घेतों. वडिलांच्या जुन्या पत्रांची नक्कल करून ती मीं संग्रहाच्या संगणकावर ठेवली होती. पुढें माझ्यासाठीं नवा संगणक आला. दोन्ही यंत्रें लिनक्सवर चालणारीं, दोहोंवर माझ्या खात्याचें नांव तेंच. तरीहि नव्या यंत्रावरून मला माझी नक्कल दुरुस्त करतां येईना. याहून नवल म्हणजे, मुलाच्या हिशेबाचा तक्ता मात्र मला खुशाल बदलतां येत होता! यादी पाहिली, तों मुलाच्या फाइलींपुढें मालक म्हणून माझें नांव, आणि माझ्या पत्रांपुढें नुसता आंकडा: १००१.

या कोड्याचा उलगडा शाळेच्या हजेरीपटावरून होईल. ‘अ’ तुकडींतील पहिला क्रमांक एका मुलाचा, ‘ब’ तुकडींतील पहिला दुसऱ्याचा. शिपायाजवळ ‘क्रमांक १ ची वही’ एवढीच चिठ्ठी देऊन त्यास दुसऱ्या वर्गांत धाडलें, तर वही भलत्याच मुलाच्या हातीं पडणार. लिनक्सहि मालकाचें नांव फाइलीवर लिहीत नाहीं, क्रमांक लिहितो. नांव आपल्या सोयीसाठीं पडद्यावर दाखवितो इतकेंच. उबंटू, डेबियन या प्रकारांत पहिल्या खात्यास बहुधा १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१. संग्रहाच्या यंत्रावर पहिलें खातें मुलाचें, दुसरें माझें; नव्या यंत्रावर मी एकटाच, म्हणून १०००. तेव्हां पलीकडच्या यंत्राच्या दृष्टीनें मी म्हणजे माझा मुलगाच झालों होतों.

दूरचें फोल्डर जोडण्याची ही रीत ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ या नांवाची. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ती १९८४ च्या सुमारास तयार केली. एका संस्थेंतील सर्व संगणकांवर वापरणाऱ्यांची यादी एकच असेल, असें तींत गृहीत धरलेलें होतें. घरोघर ज्याची त्याची यादी निराळी, म्हणून घोटाळा होतो.

आतां उपाय क्रमानें पाहूं. प्रथम नकाराचे शब्द नीट वाचावे. ‘परवानगी नाहीं’ ही एक गोष्ट, आणि ‘हें स्थान केवळ वाचनापुरतें आहे’ ही अगदीं दुसरी. दुसरें उत्तर आलें, तर संग्रह जोडतांनाच लिहिण्याची मनाई झालेली असते. फाइलीच्या परवानग्या कितीहि बदलल्या तरी उपयोग नाहीं.

पहिलें उत्तर आल्यास दोन्ही यंत्रांवर ‘आयडी’ ही आज्ञा देऊन आपला क्रमांक पाहावा. मग ‘एलएस’ या आज्ञेस ‘एल’ व ‘एन’ हीं अक्षरें जोडून यादी मागवावी, म्हणजे मालक नांवानें न दिसतां क्रमांकानें दिसतो. क्रमांक जुळत असूनहि दार उघडत नसेल, तर वाटेंतील प्रत्येक फोल्डर तपासावें. त्यांतून जाण्याची परवानगी एका ठिकाणीं जरी नसली तरी पुढचा मार्ग खुंटतो.

येथें दोन मोह आवरावे. पहिला, ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी होऊन घुसण्याचा. दुरून आलेल्या सर्वाधिकाऱ्यास संग्रहाचें यंत्र सामान्यतः ‘कोणीहि नव्हे’ असा ६५५३४ हा क्रमांक देऊन मोकळें होतें. दुसरा मोह अधिक वाईट: सगळ्यास ७७७ लावून टाकण्याचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचा किंवा फोल्डरांतून जाण्याचा १, मिळून ७. आणि ते मालकाला, गटाला व इतर सर्वांना सारखेच. फोल्डरावर असे सात दिले, म्हणजे त्यांतील फाइल कोणालाहि काढून टाकतां येते, मग त्या फाइलीवर स्वतःची मनाई असली तरीहि. एका माणसाची अडचण दूर करण्यासाठीं घराचीं सारीं दारें उघडीं टाकण्यासारखेंच हें आहे.

खरा उपाय क्रमांक जुळविण्याचा. नव्या यंत्रावर माझा क्रमांक ‘यूजरमॉड’ या आज्ञेनें १००१ केला. हें काम स्वतःच्या खात्यांत बसून होत नाहीं, व्यवस्थापकाच्या दुसऱ्या खात्यांतून करावें लागतें. आपल्या मुख्य फोल्डरांतील फाइलींवर नवा क्रमांक आपोआप चढतो. बाहेर विखुरलेल्या फाइली मात्र हातानें बदलाव्या लागतात. सर्वांनीं मिळून लिहावयाचें फोल्डर हवें असेल, तर एक गट करावा व त्याचाहि क्रमांक सर्व यंत्रांवर एकच ठेवावा.

आणखी एक सावधगिरी. आलेलें यंत्र जो क्रमांक सांगेल त्यावर संग्रहाचें यंत्र साध्या मांडणींत विश्वास ठेवतें. म्हणून संग्रह घरच्या ठराविक यंत्रांपुरताच खुला ठेवावा. अधिक कडक ओळख हवी असल्यास केर्बेरॉस नांवाच्या पद्धतीची जोड देतां येते.

क्रमांक जुळल्यावर मीं वडिलांचें एक पत्र उघडून त्यांतील चुकलेली तारीख दुरुस्त केली. मग मुलाचा हिशेब बदलून पाहिला. या वेळीं नकार आला. तो नकार पाहिला तेव्हांच दुरुस्ती पुरी झाली असें मीं मानलें. आपणहि या दोन्ही परीक्षा घ्याव्या.