ओट्सचा ढीग, बहात्तरावा हाइनरिश आणि जर्मन सरदारांची भाऊबंदकी

सम्राट निवडायला बसलेल्यांनी ३० दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढे त्यांना नुसता पाव आणि पाणी! सम्राट चौथा कार्ल याच्या १३५६ सालच्या ‘गोल्डन बुल’ या फर्मानातला हा नियम. तो लागू होता जर्मन मुलखातल्या सात सर्वांत बड्या असामींना: माइंत्स, कोलोन आणि ट्रियरचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनकाठचा फाल्ट्सग्राफ, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ. पवित्र रोमन साम्राज्याचा धनी ठरवण्याचा हक्क या सातांचा.

हक्कासोबत चाकरीही आली. मोठा दरबार भरला की इमारतीसमोर ओट्सचा ढीग रचायचा, तोही सॅक्सनीच्या ड्यूकच्या घोड्याच्या छातीला लागेल एवढा उंच. ड्यूकने घोड्यावरून यायचं, चांदीचं माप ओट्सनं भरायचं आणि पुढे येईल त्या पहिल्या नोकराच्या हाती द्यायचं. मार्कग्राफने सम्राटाला हात धुवायला पाणी आणायचं, फाल्ट्सग्राफने चांदीच्या चार ताटांतून जेवण, आणि बोहेमियाच्या राजाने वाइनचा पेला. हे तिघेही घोड्यावरूनच! पुढे ही कामं मानकऱ्यांकडे गेली. ड्यूकचं ओट्सचं माप पापेनहाइम घराण्याकडे आलं. १७६४ साली फ्रँकफुर्टला झालेल्या राज्याभिषेकात हा विधी पुढे महाकवी झालेल्या चौदा वर्षांच्या गटेनं डोळे भरून पाहिला आणि म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवला.

‘ग्राफ’ म्हणजे काउंट. सरहद्दीचा मुलूख राखणारा तो मार्कग्राफ, किल्ल्याचा कारभार बघणारा तो बुर्गग्राफ. न्यूर्नबर्गचा बुर्गग्राफ फ्रीडरिश याला १४१५ साली ब्रांडेनबुर्ग मिळालं. घराणं होहेनझोलर्न. या किल्लेदाराच्याच वंशात पुढे प्रशियाचे राजे आणि जर्मनीचे कैसर झाले, ते थेट १९१८ पर्यंत.

इंग्लंडात उमरावाची पदवी साधारणपणे एका मुलाकडे जाते. जर्मन मुलखात ग्राफची सगळी मुलं ग्राफ आणि सगळ्या मुली ग्रेफिन. अनेक घराण्यांत जमिनीचीही वाटणी व्हायची, आणि खरी गंमत तिथंच आहे. थुरिंजियातल्या गोथाचा ड्यूक एर्न्स्ट १६७५ साली वारला तेव्हा त्याचे सात मुलगे हयात होते. १६८० साली वाटण्या झाल्या आणि एका राज्याची सात राज्यं झाली: गोथा, कोबुर्ग, माइनिंगन, र्‍योमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझन आणि झाल्फेल्ड. प्रत्येकाला आपला वाडा हवा, दरबार हवा. त्यातले तिघं मुलाविना वारले आणि त्यांच्या गावांवरून उरलेल्यांत पुन्हा भाऊबंदकी जुंपली. आजही थुरिंजियात फिरताना छोट्या छोट्या गावांत भलेथोरले राजवाडे दिसतात, ते या वाटण्यांमुळे. मला तर ही त्या प्रदेशाची खरी दौलत वाटते. नाट्यगृहं, ग्रंथालयं, वाद्यवृंद गावोगावी पोचले ते या चुरशीपायी.

याच वंशातला कोबुर्गचा धाकटा राजपुत्र आल्बर्ट राणी व्हिक्टोरियाचा नवरा झाला. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. त्यातला ‘अल्बर्ट’ तो हाच.

थुरिंजियातल्याच रॉइस घराण्याने तर कमाल केली. प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश! गादीवर बसो न बसो, जन्माला आला की त्याला पुढचा क्रमांक. थोरल्या पातीनं शंभरापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. धाकटी पाती नवं शतक उजाडलं की पुन्हा एकपासून सुरू करायची. त्यामुळे १८४८ साली गादी सोडणारा राजा होता बहात्तरावा हाइनरिश. आणि त्याच्या मागोमाग जन्मलेल्या चुलत्या-पुतण्यांत पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा!

पदवी आहे पण स्वतःचं राज्य नाही, अशांची वेगळीच पंचाईत. लिख्टेनश्टाइन घराण्याकडे प्रिन्सची पदवी होती, बोहेमिया-मोरावियात अफाट जमीनही होती. पण थेट सम्राटाच्या हाताखालचा मुलूख नव्हता, म्हणून साम्राज्याच्या सभेत राजेरजवाड्यांच्या रांगेत हक्काची जागा नव्हती. मग त्यांनी १६९९ साली शेलेनबर्ग आणि १७१२ साली फाडुत्स असे आल्प्समधले दोन तुकडे विकत घेतले. १७१९ साली सम्राटाने दोन्ही जोडून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला. विकत घेणाऱ्यांनी मात्र मुक्काम व्हिएन्नाकडेच ठेवला. प्रिन्स कायमचा फाडुत्सला राहायला आला तो १९३८ साली. हे १६० चौरस किलोमीटरचं संस्थान आज स्वतंत्र देश आहे.

टुर्न उंड टाक्सिस घराण्याने प्रिन्सपद कमावलं ते टपाल वाहून. तलवारीपेक्षा घोड्याची डाक जास्त फळली!

बायकाही मागे नव्हत्या. क्वेडलिनबुर्गच्या मठाची प्रमुख ही थेट सम्राटाच्या हाताखालची राज्यकर्ती होती आणि साम्राज्याच्या सभेत तिला स्थान होतं. ९३६ साली स्थापन झालेला हा मठ नेपोलियनच्या काळातल्या उलथापालथीपर्यंत टिकला.

१८०६ साली साम्राज्यच संपलं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं सरदारांचे खास हक्क काढून घेतले, पण पदव्या आडनावाचा भाग म्हणून राहू दिल्या. त्यामुळे जर्मनीत आजही भावाच्या आडनावात ‘ग्राफ’ आणि बहिणीच्या आडनावात ‘ग्रेफिन’ असू शकतं. शेजारच्या ऑस्ट्रियाने मात्र त्याच वर्षी नागरिकांच्या नावातला ‘फॉन’सुद्धा कायद्याने खोडून टाकला, आणि तो कायदा अजून लागू आहे.