गवतातली अळंबीची रिंगणे

पावसानंतर कुरणात किंवा हिरवळीवर अळंब्या कधीकधी आखल्यासारख्या वर्तुळात उगवतात. इंग्लंडमध्ये ही पऱ्यांची रिंगणे. रात्री पऱ्या तिथे फेर धरतात, अशी समजूत. जर्मनीत हाच नाच चेटकिणींच्या नावावर आहे. टायरॉलमध्ये मात्र ड्रॅगनच्या जळत्या शेपटीने गवत होरपळते असे सांगत. विद्वानांचे तर्कही याहून फार पक्के नव्हते: अठराव्या शतकात वीज पडून वर्तुळ उमटते असे मानणारे होते. पॅलेडियम शोधणाऱ्या विल्यम वोलस्टन यांनी १८०७ मध्ये या वर्तुळांवर निबंध लिहिला आणि कारण जमिनीतच दाखवले.

छत्री हे बुरशीचे केवळ फळ. खरी बुरशी मातीतल्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात असते. एका ठिकाणी रुजलेले हे जाळे चहूबाजूंना सारख्याच गतीने पसरते. मधले अन्न संपले की मधले तंतू मरतात, कडेचा पट्टा तेवढा जिवंत राहतो आणि ओल मिळताच छत्र्या तिथूनच वर येतात. दोन रिंगणे भिडली तर एकमेकांना छेदत नाहीत. पलीकडचे अन्न आधीच फस्त झालेले असल्याने भिडलेला भाग नाहीसा होतो. वाढ सावकाश होते, पण थांबत नाही. फ्रान्समध्ये बेलफोरजवळच्या रिंगणाचा व्यास सुमारे ६०० मीटर असून वय सातशे वर्षांहून अधिक मानले जाते.

मरास्मियस ओरिआडिस या जातीच्या रिंगणात गवताचे पट्टे पडतात: आतबाहेर गर्द हिरवे, मध्ये वाळलेले. वाळलेल्या पट्ट्यातली माती उकरली तर ती तंतूंनी गच्च भरलेली दिसते. तिच्यावर पाणी ओतले तर ते मुरत नाही, थेंब थेंब होऊन ओघळते. पाऊस पडूनही गवत तहानलेलेच राहते. त्यात ही बुरशी सायनाइडही सोडते. हिरवेपणाचे श्रेय बरीच वर्षे एकट्या नायट्रोजनला मिळाले, कारण सेंद्रिय पदार्थ कुजवताना बुरशी तो मोकळा करते. पण २०१० मध्ये जपानच्या शिझुओका विद्यापीठात हिरोकाझू कावागिशी यांच्या गटाने रिंगण करणाऱ्या दुसऱ्या एका अळंबीतून गवताची वाढ करणारे अझाहायपोझँथिन हे द्रव्य वेगळे काढले. पुढे भातासारख्या वनस्पतीही ते स्वतः तयार करतात असे आढळले.

मरास्मियस युरोपात आवडीने खातात. मात्र तशाच गवतात, तशाच रिंगणात क्लिटोसायबे रिव्हुलोसा ही पांढरट अळंबीही उगवते आणि तिच्यात मस्करिन हे विष असते.