थेंबे थेंबे पेट्रोल साचे!

घरात वडीलधारे माणूस आणि दारात जुनी मोटार असली म्हणजे येणारा-जाणारा दोघांच्याही प्रकृतीची चौकशी केल्यावाचून राहत नाही. आमच्या दारातली मोटार 2014 सालची, हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर यांचा संसार एकाच छपराखाली! नागपुराहून ती जुनी विकत आणली तेव्हा लिटरला 18 किलोमीटर धावे. गेल्या उन्हाळ्यात हा आकडा 13 वर आला.

“बॅटरी संपली, आता विकून टाका,” असा एका जाणकाराने निकाल दिला. नवी बॅटरी घ्यावी तर खर्च लाखांच्या घरात. इकडे आईला खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रेल्वेचा जिना चढवत नाही आणि दर महिन्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे तर न्यावेच लागते. गोंदियाहून गोरेगाव, मुरदोलीचे जंगल, कोहमारा, साकोली, भंडारा असे जाताना दीडशेहून अधिक किलोमीटर होतात. तेव्हा विकण्यापूर्वी गाडीचे दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे, असे मी ठरवले.

दोघांचा संसार

हायब्रिड मोटार आता नवलाईची राहिलेली नाही. टोयोटाची प्रियस जपानात 1997 च्या डिसेंबरात आली. आपल्याकडे होंडाची सिव्हिक हायब्रिड 2008 मध्ये आणि प्रियस 2010 मध्ये आली. साऱ्यांचे मर्म एकच. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगातली शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटर त्या वेळी जनित्र बनते आणि वीज बॅटरीत साठवते. पुन्हा निघताना ती वीज कामी येते आणि तेवढे पेट्रोल वाचते.

पण ही तिजोरी फार मोठी नसते बरे का! 2010 च्या प्रियसची बॅटरी सुमारे 1.3 युनिटची, घरातली इस्त्री तासाभराहून थोडी अधिक चालेल, एवढीच. म्हणजे थोडे साठवायचे, थोडे वापरायचे, असा हा रोजचा व्यवहार. त्यात खीळ बसली की सारा भार एंजिनवर पडतो.

कोंड्याची करामत

आमच्याकडे ही खीळ घातली होती धानाने! या जुन्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांना थंड ठेवण्यासाठी पंखा असतो आणि तो गाडीतलीच हवा ओढतो. हवेची जाळी बहुधा मागच्या सीटजवळ असते. गोंदिया म्हणजे राइस मिलचे गाव. तूस आणि कोंडा हवेतच असतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने जाळी काढली, तेव्हा तिच्यावर धुळीची चांगली गोधडीच निघाली! बॅटरीचा श्वास कोंडला की ती तापते, आणि तापली की गाडीचा संगणक तिच्याकडून काम कमी घेतो. जाळी आणि पंखा साफ केल्यावर पुढच्या दोन टाक्यांत आकडा 15 च्या पुढे गेला. बॅटरी संपली नव्हती, घुसमटली होती!

आता मी गाडी सावलीत लावतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना काचा बंद करून बेताचा एसी लावतो, कारण माणसांना मिळणारी गार हवाच बॅटरीलाही मिळते. मात्र एक सांगून ठेवतो: बाहेरची जाळी साफ करणे वेगळे आणि बॅटरीची पेटी उघडणे वेगळे. नारिंगी वेष्टणाच्या तारांत दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो. तिथे घरच्या पेचकसाचे काम नाही.

स्वस्तातली औषधे

दुसरा उपाय हवेचा. ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर टायरचा दाब लिहिलेला असतो. तो सकाळी, टायर थंड असताना तपासावा. तिसरा ऑइलचा. पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 सारखे पातळ ऑइल सांगितले असेल, तर “दाट घाला, एंजिन टिकेल” हा सल्ला नम्रपणे नाकारावा.

चौथा उपाय पायाचा. सिग्नल दिसताच दुरूनच पाय उचलावा आणि ब्रेक हलका, लांबवर दाबावा. करकचून दाबला तर ब्रेकचे पॅडच शक्ती खाऊन टाकतात. उतारावर न्यूट्रल टाकण्याची जुनी खोड इथे उपयोगाची नाही. माझ्या गाडीत न्यूट्रलमध्ये बॅटरीला वीजच मिळत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 100 ऐवजी 80 ने गेल्यास तो 64 टक्क्यांवर येतो. मुरदोलीच्या जंगलात तर सावकाश जाण्याला पेट्रोलहून मोठे कारण आहे: तिथे जनावरे रस्ता ओलांडतात.

पाचवा उपाय गृहिणींना सांगायला नकोच: भाजी, बँक आणि शिकवणी यांची एकच फेरी करावी. थंड एंजिन तापेपर्यंत जास्त पेट्रोल पिते.

हे सारे करून आमचा आकडा 17 वर स्थिरावला. उरलेल्या एका किलोमीटरपैकी बराचसा दोष मी इंधनाला देतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्के मिश्रणात म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट. जुन्या मोटारींसाठी नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही साधारण असाच अंदाज होता. तांदळापासूनही इथेनॉल होते, तेव्हा धानाने आम्हांला इथेही गाठले म्हणायचे!

वाचकहो, हिशोब मात्र पडद्यावरच्या आकड्यावर करू नका. त्याच पंपावर टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा टाकी भरा आणि भागाकार करा. दोन रुपयांची वही लाखाची बॅटरी वाचवू शकते. आमची गाडी विकायची राहिली आणि आईची नागपूरची तारीख एकदाही चुकलेली नाही. जुन्या वस्तूला निरोप देण्यापूर्वी तिला मोकळा श्वास घेता येतो की नाही, एवढे तरी पाहावे.